तुळईपर्यंतचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीवरचा नव्हे, बोटीचाही नव्हे. मी चढायचा दोर. एका उंच दालनात, छताच्या लोखंडी तुळईला वरचे टोक अडकवून मी कितीतरी वर्षे लोंबत होतो आणि माणसे मला धरून वर चढत होती. एवढेच माझे काम, पण ते मी मान ताठ ठेवून केले. तुम्ही म्हणाल, दोराला कसली आली मान? असते. जिथे सगळा भार येतो त्या कड्यापाशी माझी मान होती, आणि ती कधी वाकली नाही.

माझा जन्म एका लांबलचक छपराखाली झाला. दोर वळायला जागा लांब लागते, म्हणून त्या कारखान्याला रुंदी थोडी आणि लांबी फार. तिथे वाखाच्या, म्हणजे घायपाताच्या तंतूंच्या, जुड्या लोखंडी दातांच्या फणीतून विंचरल्या जात. लहान मुलीचे केस विंचरताना आई जशी दोन बोटांत गुंता धरून ठेवते, तसाच वाखही धरावा लागतो, नाहीतर तुटतो. विंचरलेल्या वाखाचे सूत, सुतांचे पेड आणि तीन पेडांचा मिळून मी. पेड एका बाजूला पिळायचे आणि तिघांना मिळून दुसऱ्या बाजूला. मग पेड सुटू पाहतात तेव्हा दोर आवळतो आणि दोर सुटू पाहतो तेव्हा पेड आवळतात. घरातल्या भावंडांसारखेच म्हणा ना.

मला वळणारा कारागीर कामावर असताना साधी शिट्टीसुद्धा वाजवत नसे. शेजारच्याने एकदा त्याला विचारले, "एवढा गप्प का रे असतोस?"

"पीळ नीट बसला की बारीक कुरकुरतो," तो म्हणाला. "ते ऐकायचं असतं."

मला वाटते, माझा स्वभाव तिथेच ठरला.

माझ्या खालच्या टोकाला चामड्याची टोपी शिवली, वरच्या टोकात लोखंडी कडे बसवले आणि मला त्या दालनात आणून टांगले. पूर्वी ते गोदाम होते. भिंती उंच, खिडक्या त्याहून उंच, जमीन लाकडी. एका भिंतीला लोंबकळायच्या आडव्या पट्ट्या, कोपऱ्यात गाद्यांची चळत, आणि मधोमध मी. दालन एका बाईंचे होते. त्या व्यायाम शिकवत. नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा.

बाई फार बोलत नसत. दाराशी एक लाकडी फळी होती. आत येणाऱ्याने घड्याळ, मोबाइल आणि कानात घालायचे जे काही असेल ते तिच्यावर ठेवायचे, हा नियम. एका नव्या मुलीने विचारले, "कानातलं पण काढायचं?" बाई म्हणाल्या, "सोन्याचं असेल तर राहू दे. गाणारं असेल तर काढ."

दालनात भोंगा नव्हता, पडदा नव्हता, भिंतीवर आरसाही नव्हता. नवख्या माणसाला पहिले दोन दिवस अगदी चुकल्याचुकल्यासारखे व्हायचे. मग हळूहळू त्याला पायांचे आवाज ऐकू येऊ लागत. कुणाचे पाऊल जड पडते, कुणाचा श्वास आधी फुलतो, कोण उडी मारल्यावर टाचेवर येतो हे बाई पाठ फिरवूनही सांगत. आणि मीही सांगितले असते, जर मला बोलता आले असते. कारण मला धरणाऱ्याची सगळी हकिकत त्याच्या तळव्यांतून माझ्याकडे येते. छातीची धडधड मनगटातून उतरून माझ्या पेडांत शिरते. माणूस खोटे बोलेल; त्याची पकड नाही बोलत.

माझ्यावर किती तऱ्हेची माणसे चढली! एक बेकरीवाले काका येत. त्यांचे हात कितीही धुतले तरी पिठाळ. त्यांच्यामागून चढणाऱ्याचे तळवे आपोआप पांढरे व्हायचे आणि घसरायचे नाहीत. एक शिंपी होता, सुईला सरावलेल्या बोटांचा; तो माझ्यावर असा चढायचा जणू मला टाके घालतोय. एक आजी होत्या. त्या चढायच्या कधीच नाहीत. रोज यायच्या, दोन्ही हातांनी मला धरून पावले जमिनीपासून वीतभर उचलायच्या, थोडा वेळ तशाच राहायच्या आणि उतरून म्हणायच्या, "झालं बाई आजचं उड्डाण." त्या वीतभर उंचीचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा तुळईला हात लावणाऱ्या पैलवानाचाही नाही.

मग दिवस पालटले. दालनाचा कारभार बघणाऱ्या व्यवस्थापकाने शेजारची खोली घेतली, मधली भिंत पाडून काच बसवली आणि पलीकडे यंत्रे आणली. धावायचा पट्टा, पाय मारायची सायकल, दोन्ही हातांनी ओढायचे काहीतरी. प्रत्येक यंत्राला समोर पडदा, आणि खोलीभर गाणी. व्यवस्थापक माणूस हसतमुख होता, मनाने वाईट मुळीच नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "लोकांना नुसता घाम गाळायला आवडत नाही हो. जोडीला करमणूक लागते."

"मग ती घरी नाही का होत?" बाईंनी विचारले.

तो हसला. बाईही हसल्या. पण माणसे एकेक करून काचेपलीकडे गेली. बाईंकडे मोजकेच उरले. मी वाटेत येतो म्हणून मला भिंतीकडे ओढून एका खुंटीला अडकवले गेले. नंतर त्या खुंटीवर कोट, टॉवेल, छत्र्या येऊन बसल्या आणि दोर म्हणून माझी ओळखच पुसली. कुणीतरी माझ्या पोटाला पंचा बांधून वाळत घातला तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याच दिवसांत मी काचेतून क्रेनवालीला पहिल्यांदा पाहिले.

ती बंदरावर क्रेन चालवायची. उंच लोखंडी शिडीने वर चढायचे, काचेच्या केबिनमध्ये बसायचे आणि जहाजातली अवजड खोकी अलगद उचलून जमिनीवर ठेवायची. तिचे वडील तेच काम करत, त्यांच्यामागे ती करू लागली. एका पावसाळी सकाळी शिडीवर तिचा पाय घसरला. एका हातावर ती लोंबकळत राहिली. साथीदारांनी वर जाऊन तिला धरेपर्यंत खांदा निखळला होता. खांदा जागेवर बसला, डॉक्टरांनी हाताला बळ आणा म्हणून सांगितले, आणि ती यंत्रांच्या खोलीत येऊ लागली.

ती एकटी येत नसे. खांद्यामुळे तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तिच्या सासूबाई गाडी घेऊन येत. ठेंगण्या, गोल, सतत विणकाम हातात. सून सायकलवर पाय मारत मालिका बघायची आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून तीच मालिका बघायच्या. मालिकेतली सासू सुनेला छळू लागली की यांचा राग अनावर व्हायचा. "काय बाई तरी, असं करतं का कुणी?" असेच काहीतरी म्हणत असाव्यात. काचेपलीकडून शब्द ऐकू येत नसत, पण त्यांच्या सुया कशा हलतात त्यावरून मला कथानक कळायचे.

सुनेचे दंड भरले. खांदा पक्का झाला. मग ती कामावर गेली, आणि आठवडा उलटायच्या आत परत आली. या वेळी ती काचेपलीकडे गेली नाही. बाईंच्या दाराशी उभी राहिली. सासूबाई तिच्या मागे.

"शिडीला हात घातला," ती म्हणाली. "थोड्याशा पायऱ्या गेले, आणि कानात धडधड सुरू झाली. पडले होते ना, तेव्हा झाली होती तशीच. मग हात सुटेना, पाय हलेना. दोघांनी वर येऊन मला उतरवलं. मांजर उतरवतात तसं."

"इथे व्यायाम करताना होत नव्हती धडधड?" बाईंनी विचारले.

"होत असेल. गाणं मोठं लावलं की ऐकू येत नाही." मग म्हणाली, "म्हणूनच लावायचे, खरं तर."

"मग वर पण लाव की गाणं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, वर कानात काही घालता येत नाही. खालून इशारे ऐकावे लागतात. कुणाच्या डोक्यावर खोकं गेलं म्हणजे?"

बाईंनी तिचे दंड बघितले, तळवे बघितले. मग विचारले, "किती वेळ आहे तुझ्याकडे?"

"महिनाअखेरीला दुसऱ्याला बसवणार आहेत माझ्या जागी. मला फाटकावर देतील, गाड्या आत-बाहेर सोडायला." ती हे सहज बोलल्यासारखे बोलली. सासूबाईंचे विणकाम थांबले.

बाई उठल्या आणि खुंटीकडे आल्या. कोट काढले, टॉवेल काढले, तो पंचा सोडला. मग मला सोडले. मी दालनाच्या मधोमध झेप घेतली आणि कितीतरी वेळ डोलत राहिलो. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले म्हणून सांगू! पुन्हा कुणीतरी मला धरणार होते.

पहिल्या दिवशी बाईंनी तिला चढू दिले नाही. माझ्या पायथ्याशी गादीवर बसवले आणि मला दोन्ही हातांत धरायला लावले.

"बाई, इथे फार शांत आहे हो," ती म्हणाली.

"शांत कुठे? ऐक."

ती ऐकू लागली. खिडकीची सैल तावदाने वाऱ्याने खडखडत होती. पट्ट्यांवर लोंबकळणारा शिंपी नाकाने श्वास घेत होता. वर तुळईपाशी माझे कडे किरकिरत होते. सासूबाईंच्या सुया टकटकत होत्या. आणि मग या सगळ्याच्या खालून तिला तिची स्वतःची धडधड ऐकू आली. ती मला तिच्या तळव्यांत आधीच लागली होती. तिने झटकन हात सोडले.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"तीच आहे."

"तीच म्हणजे तुझीच आहे. पडताना होती, आता बसल्या जागी पण आहे. पळून कुठे जाणार आहे ती? धर पुन्हा."

तिने पुन्हा धरले. त्या दिवशी एवढेच झाले. दुसऱ्या दिवशी तिने पावले उचलली. मग गुडघ्याच्या उंचीपर्यंत, मग डोक्याच्या. बाई पायांची अढी शिकवत होत्या: दोर एका पावलावरून घ्यायचा, दुसऱ्या पावलाने दाबायचा आणि भार पायांवर सोडायचा. दंड दमतात, पाय चिवट असतात. प्रत्येक वेळी उतरल्यावर बाई विचारत, "आत्ताची धडधड भीतीची होती की मेहनतीची?"

"काय फरक?"

"मला विचारू नकोस. तुला कळेल."

बाकावर बसून सासूबाई हे सगळे बघत. त्यांना बोलायची फार खुमखुमी, पण बाईंच्या दालनात त्याही हळूहळू कमी बोलू लागल्या. एकदाच त्यांना राहवले नाही. सून मला धरून नुसतीच वर बघत उभी होती. त्या म्हणाल्या, "अगं, बघत बसलीस तर तुळई खाली येणार आहे का तुझ्याकडे?" शिंपी हसला. सूनही हसली, आणि हसता हसता चढली.

मग तो दिवस आला. तिने अर्ध्याहून अधिक उंची गाठली होती. पट्टीवरच्या कुणाचा तरी घामेजला हात सुटला आणि तो गादीवर धप्पकन पडला. त्याला लागले नव्हते, पण आवाज मोठा झाला. वर क्रेनवाली थिजली. तिने मला इतके आवळले की माझे पेड एकमेकांवर रुतले. तिची धडधड माझ्या अंगभर पसरली. तिचा श्वास आत गेला आणि तिथेच अडकला.

शिंपी शिडी आणायला धावला. बाईंनी हाताने त्याला थांबवले.

"हलू नकोस," त्या खालून शांतपणे म्हणाल्या. "हात आहेत तिथे राहू देत. श्वास सोड."

"सुटत नाहीये."

"घ्यायचा नाहीये, नुसता सोड."

कितीतरी वेळाने तो सुटला. मला तो माझ्या वाखावर गरम लागला.

"धडधड कुठे आहे?"

"कानात."

"बरं. राहू दे. श्वास सोड. आता?"

"...छातीत."

"आणि आता?"

सासूबाईंच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. कुणी उचलला नाही. काचेपलीकडची माणसेही पाय थांबवून इकडे बघू लागली होती.

"हातात," ती म्हणाली. मग थोड्या नवलाने, "हात दुखतायत, बाई. म्हणून होतेय. मेहनतीची आहे."

"मग काय करायचं? चढायचं की उतरायचं?"

तिने वर तुळईकडे पाहिले. ती जवळच होती. चढली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण तिच्या हातांत किती बळ उरले आहे ते तिला ठाऊक होते आणि मलाही.

"उतरते," ती म्हणाली.

"उतर."

आणि ती उतरली. एक पकड, दुसरी पकड, पायांची अढी सैल करत, आवळत. कुणी तिला धरले नाही, कुणी वर गेले नाही. तिची पावले गादीला लागली तेव्हा सासूबाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या कपाळावरचा घाम हातातल्या स्वेटरच्या अर्धवट विणलेल्या बाहीने पुसला.

"उतरलीस की गं," त्या म्हणाल्या. "आपली आपण."

मित्रांनो, पुढे चार-पाच दिवसांनी तिने तुळईला हात लावला, तिथे थांबली, खिडकीतून दूरवर बंदराकडे पाहिले आणि निवांत खाली आली. लोकांच्या लक्षात तो दिवस राहिला. माझ्या लक्षात मात्र तिचे 'उतरते' राहिले आहे.

महिना संपायच्या आत ती क्रेनवर चढली. फाटकावर दुसरे कुणी गेले. ती कामानंतर दालनात येतच राहिली. तिच्यामागून बंदरावरची आणखी माणसे आली, त्यांची मुलेही आली. काचेपलीकडचे काहीजण दोन्हीकडे येऊ लागले. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. मला त्याचे वाईट वाटत नाही. गाणे ऐकत पाय मारण्यात पाप नाही. फक्त अधूनमधून स्वतःचेही ऐकावे, एवढेच.

माझे हे दुसरे तारुण्य मोठे झोकात गेले. मुले माझ्यावर माकडांसारखी चढत. खुंटीवरचे दिवस मी विसरूनही गेलो. आणि एका सुट्टीच्या सकाळी क्रेनवालीने मला नेहमीसारखे हातात धरले आणि चढलीच नाही.

तिने मला नाकाशी धरून हुंगले. मग दोन्ही हातांनी उलटा पीळ देऊन माझे पेड सैल केले आणि मधल्या फटीत डोकावली. क्रेनवर दोरांशीच काम, ती सवय. बाहेरून मी घासून घासून चकचकीत, सोनेरी दिसत होतो. पण आत वाख सुका पडला होता. तिच्या बोटावर बारीक, करडी भुकटी आली.

"बाई," ती म्हणाली, "हा आतून गेलाय."

बाई जवळ आल्या. त्यांनी ती भुकटी पाहिली. "इतकी वर्षं झाली, एकालाही पाडलं नाही त्याने," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो हळवा झाला होता.

"म्हणून तर आत्ताच उतरवायचा. त्याच्या नावावर तेवढंच राहू दे."

बाई बराच वेळ मला हातात धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आज कुणी चढायचं नाही."

खरे सांगू का? आधी मला राग आला. जिला मी पेलले, तिनेच मला नापास करावे? पण मग आदल्याच दिवशीची मुले आठवली, तुळईशी जाऊन एका हाताने टाटा करणारी. माझा पीळ तेव्हा सुटला असता तर? कारागिराने मला जे ऐकत ऐकत वळले, ते आत विस्कटू लागले होते आणि मला स्वतःला ते कळले नव्हते. तिला कळले. माझ्यावर चढून जी कान द्यायला शिकली, तिनेच माझे आतले ऐकले. याहून मोठी शाबासकी दोराला कोण देणार?

उंच शिडी आणली. व्यवस्थापकाने स्वतः ती खालून दोन्ही हातांनी धरली. त्याच्या खिशात मोबाइल गाऊ लागला. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने तो बंद केला. क्रेनवाली शिडीने तुळईपर्यंत गेली. तिचा श्वास एका लयीत चालला होता. तिने माझे कडे सोडवले आणि मला एकदम न टाकता, हातावर घेत घेत, हळूहळू खाली सोडले. जहाजातली खोकी ठेवते तसे. मी प्रथमच पूर्णपणे आडवा झालो. माझ्या जागी दुसऱ्या दिवशी नवा दोर आला. अजून खरखरीत आहे, वासही उग्र, पण पीळ चांगला बसला आहे. मी ऐकून खात्री करून घेतली.

मला वाटले, आता कचऱ्यात जाणार. पण बाईंनी मला लाकडी जमिनीवर सरळ अंथरले. अगदी लहान मुले आता अनवाणी पायांनी माझ्यावरून चालतात, हात पसरून, तोल सांभाळत. वरून पडायची भीती नाही. तरी त्यांचे अंगठे मला घट्ट धरतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या आसपास असा एखादा दोर, पट्टी, झोका असेल तर त्याला ओलीत ठेवू नका. नुसता वरून छान दिसतो म्हणून त्याच्यावर विसंबू नका. मोठ्या माणसाला त्याचे पेड उघडून बघायला सांगा. आणि त्याचे दिवस भरले असतील तर त्याला सन्मानाने उतरवा. तुमच्या शरीराशीही असेच वागा. दिवसातून थोडा वेळ त्याच्याजवळ बसा, कानातले काढून. ते काय सांगते ते ऐका.

आज सकाळी एक चिमुरडी पहिल्यांदाच माझ्यावर उभी राहिली. तिने ओठ घट्ट मिटले होते. बाई म्हणाल्या, "श्वास सोड गं." तिने सोडला आणि पुढचे पाऊल टाकले. तिचे सगळे वजन माझ्यावर होते, आणि ते मी पेलले.